‘पॅराशूट आपोआप उघडतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या कॉलेजच्या आणि ट्रेकिंगच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या पोट्ट्यांसाठी लिहिलेला. त्यात म्हटलंय: पाठीवरच्या बॅगेत आता यंत्र असतं, ते पॅराशूट आपोआप उघडतं, म्हणून हँडलं घोकत बसू नका. अडचण आलीच तर दोन्ही हँडलं एकदम ओढा. मोठं पॅराशूट मागू नका, वारा उडवून नेतो. आणि रिझर्व्ह, म्हणजे पहिलं बिघडलं तर उघडायचं राखीव पॅराशूट, एकदा घडी घातलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. भाच्यानं तो मला पाठवला आणि विचारलं, "मामा, मग मी एवढं शिकू कशाला?" मी शिकाऊ म्हणून उड्या मारल्या आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

यंत्र असतं हे खरं. जर्मनीत 1991 साली सायप्रस नावाचं असं यंत्र आलं आणि त्यानं पुष्कळ जीव वाचवले. पण ते मेन, म्हणजे नेहमीचं मुख्य पॅराशूट उघडत नाही. रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा दोरीचा एक बारीक फास असतो, तेवढा ते कापतं. तेही जमिनीपासून साधारण 225 मीटरवर. पोटावर पडणारा माणूस ताशी 190 किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो, म्हणजे जमीन उरली चार-साडेचार सेकंदांवर. तेवढ्यात रिझर्व्ह फुलायचं!

त्याहून वाईट प्रसंग वेगळाच आहे. शिकाऊंसाठीचं सायप्रस ताशी सुमारे 47 किलोमीटरपेक्षा जास्त वेग असला तरच चालतं. मेन अर्धवट उघडलं, दोऱ्या गुंतल्या आणि तू ताशी 40 नं खाली येतोयस, तर यंत्राच्या हिशेबात सगळं ठीक आहे. त्या वेगानं आदळणं म्हणजे सहा मीटरवरून, दोन मजल्यांवरून पडणं. तिथं तुझे हातच चालले पाहिजेत. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेनं शिकाऊंसाठी 2,500 फूट ही हद्द घातली आहे. मेन अंगापासून तोडून सोडायचं की ठेवायचं, ते तोवर ठरलेलं हवं.

आणि ही उंची मोजायची कुठून? आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जवळजवळ 310 मीटरवर आहे. मनगटावरचा उंची दाखवणारा ऑल्टिमीटर समुद्रसपाटीच्या शून्यावर राहिला, तर आपल्याकडच्या मैदानावर उभा असतानाच तो हजार फूट दाखवेल. म्हणून ज्या मैदानावर उतरायचं, तिथंच काटा शून्यावर आणायचा आणि यंत्रही तिथंच सुरू करायचं.

"दोन्ही एकदम ओढा" हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. उजवीकडे लाल मऊ हँडल, त्यानं मेन अंगापासून सुटतं. डावीकडे धातूचं, चांदीच्या रंगाचं, त्यानं रिझर्व्ह उघडतं. मेन सुटायच्या आत रिझर्व्ह बाहेर आलं तर दोन्ही एकमेकांत गुंततात. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांत, आम्हाला हेच पाठ करायला लावलं होतं: लाल बघ, लाल ओढ, चांदी बघ, चांदी ओढ. खांदे दुखून यायचे, पण आजही झोपेतून उठवलं तरी हात बरोबर लालकडे जातो.

मोठ्या पॅराशूटबद्दल थोडक्यात. जोराचा वारा असेल तर शिकाऊला वर नेतच नाहीत. मोठं कापड सावकाश उतरतं, चूक झाली तरी सावरायला वेळ देतं. शिवाय मे महिन्यात 45 अंशांत हवा विरळ होते आणि तेच पॅराशूट जास्त वेगानं जमिनीवर येतं.

तेच ऊन नायलॉनलाही खातं. दोऱ्यांच्या गुंडाळ्या धरणारी रबरं सुकून तुटतात. रिझर्व्हची घडी तर उघडून, तपासून, पुन्हा घालावीच लागते. अमेरिकेत त्याला 180 दिवसांची मुदत आहे आणि घडी घालणारा परवानाधारक रिगरच लागतो. शेवटची तारीख आणि त्याची सही असलेलं कार्ड रिगसोबत, म्हणजे पाठीवरच्या बॅगेसोबत असतं. भाच्याला म्हटलं, पैसे भरण्याआधी ते कार्ड दाखवा म्हण. दाखवलं नाही, तर सरळ घरी ये.