पत्रकारिता शिकवताय? पाच ककार पुरेत

अभिनंदन! जनसंवाद आणि पत्रकारितेचे तास तुम्हाला मिळाले. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे एप्रिलअखेर तुम्ही प्राध्यापक नसता आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत दिली की असता. मी बारा वर्षं असा असतो-नसतो. कॉलेज जळगावचं, धुळ्याचं की नंदुरबारचं ते विचारू नका. अनुभवाचे चार शब्द सांगतो, उतरवून घ्या. मुलंही तेच करतात.

पहिल्या तासाला फळ्यावर संवादाची आकृती काढा. डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक, मध्ये माध्यम, आणि माध्यमावर वरून एक बाण, त्याला नाव ‘गोंगाट’. ही आकृती जिच्यावरून आली ती १९४८ साली क्लॉड शॅनन या गणितज्ञाने मांडली. तो बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होता आणि तारेतून संदेश कमीत कमी बिघडून कसा पोचवावा, ही त्याची अडचण होती. एवढं मात्र वर्गात बोलू नका. नाहीतर कोणीतरी विचारेल, सर, मग ग्रामसभेतलं भांडण या आकृतीत कुठे बसवायचं? आमच्या वर्गातला पंखा असा खडखडतो की शेवटच्या बाकावर माझा शब्द पोचत नाही, आणि मुलं मान खाली घालून सुबक अक्षरात लिहितात : गोंगाट म्हणजे संदेशवहनातील अडथळा. पंख्याकडे एकही मान वर जात नाही. आपली शिकवणी बरोबर चालली आहे याची खूण हीच.

इतिहासात वेळ घालवू नका. ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, ‘दर्पण’. दोन गुण. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी, म्हणजे इथल्या लोकांचं म्हणणं साहेबालाही वाचता यावं, या व्यवस्थेवर चर्चा करायला कोणाला सवड आहे? ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, शेवटच्या घटकात ठेवा. २००९च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलने त्यावर चौकशी केली, अहवाल लिहिला, सगळं आहे. पण शेवटच्या घटकाला पोचेपर्यंत सेमिस्टर संपतं, ही विद्यार्थ्यांवर आणि इंटर्नशिप देणाऱ्यांवर देवाचीच कृपा. कारण इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात पेन नव्हे, वाढदिवस विशेषांकाचं जाहिरात बुक पडतं.

आता मुख्य मुद्दा, सहा ककार. काय, कोण, कुठे, कधी, कसे आणि का. पहिले पाच मनापासून शिकवा, ते निरुपद्रवी आहेत. मे महिन्याची बातमी घ्या. काय झालं? पारा ४५च्या पार. कुठे? भुसावळ. कधी? काल. कोण? स्कार्फ बांधलेल्या दोन मुली, फोटोत. कसे? अंगाची लाहीलाही होत. बातमी पूर्ण, आणि वर्ष बदललं की पुन्हा वापरता येते. यात ‘का’ घुसला की पोरगं विचारणार, दुपारी दोनला रोजगार हमीच्या कामावर बाई का आहे, तिथे सावलीचं कापड का नाही? मग जावं लागतं. उन्हात जावं लागतं. फाइलला चाळीस गुण आहेत, उन्हाला एकही नाही.

माहितीचा अधिकारही असाच जपून हाताळा. २००५चा कायदा, तीस दिवस, दहा रुपये, एवढं पाठ करून घ्या. अर्ज करणाऱ्याला माहिती कशाला हवी याचं कारण द्यावं लागत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. ते वाचून दाखवताना आवाज जरा खाली घ्या. एकदा मी मोठ्याने वाचलं, तर एक मुलगा दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेऊनच वर्गात आला. विचारतो कसा, “सर, आपल्या विभागाचा कॅमेरा कुठंय?” कॅमेरा आहे. डेडस्टॉक रजिस्टरला त्याची नोंद आहे. स्टीलच्या कपाटात, प्लास्टिकसकट. किल्ली भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब दौऱ्यावर. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा तो टेबलावर मांडला होता, मी स्वतः पाहिला.

विद्यार्थ्यांना लिहायला लावायचंच असेल तर अतिथी व्याख्यान ठेवा. संपादकसाहेबांना बोलवा, शाल-श्रीफळ द्या, विषय ‘पत्रकारिता : व्रत की व्यवसाय’. व्याख्यानाची बातमी हाच प्रात्यक्षिकाचा प्रश्न. माझ्या बत्तीस मुलांनी बत्तीस बातम्या लिहिल्या आणि बत्तीसांतही साहेबांनी ‘प्रतिपादन केले’, व्यासपीठावर मान्यवर ‘विराजमान होते’, कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न झाला’. साहेब नेमकं काय म्हणाले ते एकातही नाही. मलाही आठवत नव्हतं, म्हणून सगळ्यांना सारखेच गुण दिले.

भाषा मात्र कडक तपासा. इथे ढिलाई नको. चोपड्याकडची एक मुलगी आहे आमच्याकडे. तिने ‘परिसरातील घटना’ या प्रश्नाला केळीची बातमी लिहून आणली. बापाचा माल कापला गेला त्या दिवशी ती काट्याजवळ उभी होती. पेपरात छापलेला भाव, व्यापाऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, लिहिलेला भाव आणि दांड्यापोटी कापलेलं वजन, तिन्ही आकडे तिने एकाखाली एक मांडले होते. क्विंटलमागे ४००चा खड्डा. वर बापाचं वाक्य, जसंच्या तसं : “पेपरमा एक भाव से, पट्टीवर दुसरा. आते मी पेपर इकू का केया?”

मी लाल पेन काढलं. ‘पेपरमा’ खोडून ‘वृत्तपत्रात’ केलं. ‘से’ला गोल केला. ‘इकू’च्या जागी ‘विक्री करावी’. समासात लिहिलं, ‘ग्रामीण बोली टाळावी, प्रमाण मराठी वापरावी, सूत्रांचा हवाला द्यावा.’ शेवटी वाक्य झालं : वृत्तपत्रातील दर व प्रत्यक्ष दर यांत तफावत असल्याचे एका शेतकऱ्याने नमूद केले. दहापैकी चार. कागद परत घेताना ती एवढंच म्हणाली, “सर, हे बाबा नाही बोललेत.”

(आसोद्याची बहिणाबाई चौधरी लिहू-वाचू शकत नव्हती. १९५१ला ती गेली, पुढच्या वर्षी तिची गाणी छापून आली, आणि २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. आमच्या ‘लेखी संवादकौशल्य’ या पेपरात ती माझ्या लाल पेनातून सुटली असती का, हा विचार मी सहसा तास संपल्यावर करतो.)

असा विद्यार्थी हाती लागला तर काय करायचं? सोपं आहे. त्याला सूत्रसंचालन द्या. माणूस एकदा निवेदक झाला की चारोळ्या शोधण्यात गुंततो, प्रश्न विसरतो. पत्रकार दिनाला, ६ जानेवारीला, मी त्या मुलीच्या हाती माइक दिला. छान बोलली. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, सगळं वेळेत. आभारही तिनेच मानले. पाहुणे संपादकसाहेब उठले, काखेत नारळ, खांद्यावर शाल. आणि ही म्हणते, “साहेब, एकच विचारायचं होतं. तुमच्या पेपरात रोज केळीचा भाव येतो, तो तुम्हाला कोण सांगतं?”

साहेब हसले. “तो ग्रुपवर येतो, बेटा. रोज येतो.”

“कोण टाकतं?”

“असतात आपली माणसं.”

“तो पट्टीशी का जुळत नाही?”

पहिल्या रांगेत प्राचार्य होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तासिका तत्त्वावरचा माणूस अशा नजरेचा अर्थ एका क्षणात लावतो, त्यात कुठलाही गोंगाट नसतो. मी साउंडवाल्याला खूण केली.

म्हणून शेवटचं सांगतो. राष्ट्रगीत एका पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि पेनड्राइव्ह लावूनच ठेवा. ५२ सेकंद सगळे सावधान उभे राहतात, तोंडं बंद होतात, आणि तेवढ्यात ड्रायव्हर गाडी पोर्चमध्ये आणतो. फक्त माइक आधी बंद करा. आमचा सुरूच राहिला होता. ‘जय हे’ संपताच सभागृहात मागून पुढून तिचाच आवाज आला : “सर, पण का?”