नुसतं बघायला नऊ दिवस!

कुबरनेटीस क्लस्टरचा, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरच्या ताफ्याचा, डॅशबोर्ड फक्त बघायचाय मला. बघायचाय! आज नववा दिवस. गेल्या सोमवारी तिकीट टाकलं, तर म्हणे आधी व्हीपीएन घ्या. ते मिळालं, तर 6443 पोर्ट, म्हणजे क्लस्टरशी बोलायची वाट, बंद. तो उघडला, तर कुबकॉन्फिग, म्हणजे क्लस्टरचा पत्ता आणि ओळख असलेली फाइल, कुठे ठेवायची हे कुणी सांगेना. कमांड दिली की एकच रडगाणं: लोकलहोस्ट 8080 (म्हणजे माझंच मशीन!), कनेक्शन रिफ्यूज्ड. अरे, कॉन्फिग सापडली नाही हे सरळ सांगायला काय जातं?

काल एकदाचं लॉगिनचं पान दिसलं. टोकन, म्हणजे आत शिरायचा पास, हवं. टीमच्या विकीवर लिहिलंय, सीक्रेटमधून (क्लस्टरमधल्या गुप्त माहितीच्या नोंदीतून) कॉपी करा. कुठलं सीक्रेट? 2022 मध्ये कुबरनेटीस 1.24 आलं तेव्हापासून सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्रामसाठीच्या खात्याला) ते आपोआप मिळतच नाही! तेव्हापासून त्या पानाला कुणाचा हात लागला नाही? टोकन बनवून मागितलं, ते तासाभरात मेलं. दुसरं घेतलं, आत शिरलो, तर जिकडे तिकडे फॉरबिडन. का? रोल (परवानग्यांची यादी) बनवला, रोलबाइंडिंग (ती यादी खात्याला जोडणं) करायला विसरले!

शेवटी शेजारच्याने अ‍ॅडमिनची फाइल चॅटवर पाठवून दिली. अख्ख्या क्लस्टरची किल्ली, चॅटवर! नको म्हटलं मी. पण किती दिवस नको म्हणायचं?