‘चोरासारखी झडती घेतली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. बहिणीच्या लग्नाची एवढी दगदग करून भाड्याने नेलेला हिऱ्यांचा सेट परत द्यायला आलात आणि आमच्या दुकानात तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटलं, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आईंना बराच वेळ उभं राहावं लागलं, तेही बरं झालं नाही.

पण ‘परक्या माणसांसमोर दीड तास चोरासारखी झडती घेतली’ हे जे लिहिलंत, त्यावर मला बोलावंच लागेल. तुमचं तेच वाक्य आता आमच्या दुकानाच्या नावाखाली सगळ्यात आधी दिसतंय. परवा एका नवरीच्या वडिलांनी फोनवर विचारलं, “तुमच्याकडे झडती घेतात म्हणे?” काय उत्तर देणार त्यांना?

आधी त्या ‘परक्या माणसां’बद्दल. सेट तुम्ही गुरुवारी सकाळी नेलात, संध्याकाळचं सीमांतपूजन आणि शुक्रवारचं लग्न-रिसेप्शन धरून. परत करायची वेळ शनिवारी सकाळी 11, ती पावतीवर आहे आणि खाली तुमची सही आहे. सकाळी 11 ला आमच्याकडे चिटपाखरू नसतं, मुद्दाम तीच वेळ देतो. तुम्ही आलात संध्याकाळी साडेसातला. पाहुण्यांना गाडीत बसवायचं होतं, हे मी समजू शकते, लग्नघरात असं होतंच. पण दुपारपासून केलेले आमचे फोन उचलले असते, तर काहीतरी मार्ग काढता आला असता. कारण तोच सेट रविवारी सकाळच्या मुहूर्ताला दुसऱ्या नवरीला द्यायचा होता. तिची आई आणि मामा पाच वाजल्यापासून दुकानात बसून होते. तुम्ही ज्यांना परकी माणसं म्हणता, ती हीच. त्यांना बाहेर रस्त्यावर उभं करून तुमचा सेट तपासायचा होता का? दुकानात दोनच खुर्च्या आहेत आणि त्या दोन्ही त्यांनी अडवल्या होत्या, म्हणून आईंना खुर्ची मिळाली नाही.

आणि दीड तास नव्हे. कॅमेऱ्यात वेळ दिसते, 7.35 ते 8.30. पंचावन्न मिनिटं म्हणजे काही थोडी नाहीत, मान्य आहे, पण त्यात काय काय होतं ते सांगते. ‘दुसरीकडे मशीन टेकवून दोन मिनिटांत होतं’ असंही तुम्ही लिहिलंय ना, म्हणून.

दागिना आला की आधी धुवावा लागतो. हिऱ्यावर पाणी ठरत नाही, पण तेल, क्रीम, पावडर लगेच चिकटून बसते. (पूर्वी खाणीत खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस लावलेली टेबलं वापरायचे, ती याच गुणामुळे.) दोन दिवसांचा मेकअप आणि हेअर स्प्रे बसलेला हार तसाच काट्यावर ठेवला, तर वजन काहीच्या काही येतं. पाच सेंटचा हिरा (सेंट हे हिऱ्याच्या वजनाचं छोटं माप) भरतो फक्त 10 मिलिग्रॅम. तेवढा मळ तर हाराच्या एका पाकळीखाली सहज सापडतो. म्हणजे एखादा खडा पडलेला असला तरी काटा ‘बरोबर आहे’ म्हणणार. म्हणून धुणं, पूर्ण वाळवणं आणि मगच वजन. यातच अर्धा वेळ जातो आणि या वेळात भिंग घेतलेला माणूस नुसता बसलेला दिसतो. आमचे काका ‘मुद्दाम ताटकळत ठेवत होते’ असं तुम्हाला वाटलं, ते यामुळेच असावं.

मग भिंगाखाली एकेक प्रॉंग, म्हणजे हिरा धरून ठेवणारी सोन्याची बारीक नखं. ‘हिऱ्याला काय होणार, हिरा सगळ्यात कठीण’ असं तुमचे यजमान तिथे म्हणाले. हिऱ्यावर सहजासहजी ओरखडा पडत नाही हे खरं, पण आडवा घाव बसला तर कड उडते. शिवाय त्याला धरणारं सोनं कुठे कठीण असतं? 22 कॅरटमध्ये नखं लवकर वाकतात, म्हणून आम्ही हिऱ्याचं काम 18 मध्ये करतो. तरी पैठणीच्या जरीत अडकून ती उचलली जातातच. तुमच्या हारातही मधल्या पाकळीला जरीचा धागा अडकून एक नख वर आलं होतं. काकांनी ते जागच्या जागी बसवलं. त्याचा एक रुपयाही आम्ही घेतला नाही.

आता ते मशीन. ते पेनासारखं टेस्टर आमच्याकडेही आहे. खडा उष्णता किती पटकन वाहून नेतो एवढंच ते सांगतं. अमेरिकन डायमंड असला तर ओळखतं. पण लॅबमध्ये तयार केलेला हिराही हिराच असतो, त्याच्यावरसुद्धा पेन तसंच वाजतं आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून तीन मोठ्या हिऱ्यांच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर वाचून सर्टिफिकेटशी जुळवावा लागतो. तो उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ‘तो माणूस आमच्याकडे मान वर करून बघतही नव्हता’, असं लिहिलंत. ताई, डोळ्याला भिंग लावलेला माणूस कुणाकडे बघणार?

“म्हणजे संशय होताच,” असं तुम्ही म्हणाल. सेट देतानाही हीच तपासणी तुमच्यासमोर झाली होती. हिरे मोजून दाखवले, वजन दाखवलं, सही घेतली. तेव्हा तुम्ही सगळ्या जणी आरशासमोर होतात आणि मला ते बघून छानच वाटलं होतं. पण ती झडती नव्हती आणि ही झडती, असं कसं?

आणि या तपासणीत काय सापडलं तेही लिहायला हवं होतं. कुड्यांच्या एका फिरकीचा रंग काकांना वेगळा वाटला. आमची 18 कॅरटची, ही चांगली पिवळीधमक. आईंनी कानाला हात लावून बघितलं, तर त्यांच्या मोत्याच्या कुडीला आमची फिरकी! कार्यालयात घाईघाईत दागिने उतरवताना झालं असणार, त्यात कुणाचाच दोष नाही. दोन्ही तिथेच बदलल्या आणि आईसुद्धा हसल्या. दोन मिनिटांत मशीन टेकवून तुम्हाला पाठवलं असतं, तर आईंच्या कुडीची फिरकी रविवारी कुणाच्या तरी लग्नात फिरली असती.

डिपॉझिटमधून कापलेल्या 4,500 रुपयांबद्दल थोडक्यात. ते एका जादा दिवसाचं भाडं आहे, डागडुजीचं नाही. उरलेले 70,500 त्याच रात्री तुमच्या खात्यात गेले. 75,000 डिपॉझिट ‘लुटालूट’ वाटलं, पण सेट सहा लाखांच्या घरातला आहे आणि आमच्या विम्यात गिऱ्हाइकाच्या हाती दिलेला माल येत नाही. तो दाराबाहेर पडला की लग्न लागेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. ‘एवढ्या भाड्यात अमेरिकन डायमंडचा सेट विकत आला असता’ हेही अगदी खरं. तोही आम्ही ठेवतो, काउंटरच्या डाव्या बाजूला आहे. तुम्ही तो बघितलात आणि बाजूला ठेवलात.

काकांबद्दल मात्र ‘उर्मट’ हा शब्द मला लागला. ते मोजकं बोलतात, सगळ्यांशीच. तुमचा रिव्ह्यू त्यांनी स्वतः वाचला आणि तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ते आतच जाऊन बसतात. हंगाम तोंडावर आहे, मला एकटीला दोन्हीकडे बघणं जमत नाही.

परतीसाठी आत थोडा आडोसा करता येतो का ते बघत आहोत. जागा लहान आहे, पण काहीतरी करू. खुर्च्याही वाढवायच्या आहेत. पावतीवरची वेळ मोठ्या अक्षरात छापायला सांगितली आहे.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. फक्त ती ‘परकी माणसं’ कोण होती आणि तुम्ही किती वाजता आलात, एवढं त्यात घाला. काही शंका राहिली असेल तर कधीही या, सोमवारी दुकान बंद असतं. वजनाची नोंद आणि कॅमेऱ्यातलं चित्रण दोन्ही दाखवीन. येताना शक्यतो दुपारी बारापर्यंत या.