अवयवदान करायचंय? मग घरी चकार शब्द काढू नका

मेल्यानंतर आपली मूत्रपिंडं, यकृत, डोळे कुणाच्या तरी उपयोगी पडावेत असं तुम्हाला मनापासून वाटतं. उत्तम. असं वाटायलाच हवं, चारचौघांत सांगायला बरं पडतं. फक्त हे वाटणं प्रत्यक्षात उतरू नये याची खबरदारी घ्यावी लागते. घाबरू नका, आपला सराव दांडगा आहे. दर दहा लाख माणसांमागे वर्षाला एकही मरणोत्तर अवयवदाता आपल्या देशात निघत नाही. २०२३ साली अख्ख्या देशात मिळून १,०९९ निघाले. तेव्हा नवीन काही शिकायचं नाही, मुंबईकरांसाठी थोडे बारकावे तेवढे सांगतो.

प्रतिज्ञा जरूर घ्या. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संघटनेच्या, म्हणजे नोटोच्या संकेतस्थळावर आधारचा ओटीपी टाकला की काम झालं. दादरला फास्ट लोकल पकडलीत तर ठाण्याच्या आत उरकतं. प्रमाणपत्र येतं, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावा. मात्र लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आई, बायको आणि थोरला भाऊ यांना वगळा. हीच खरी मेख आहे.

कागदावर फॉर्म भरणाऱ्यांना जरा अडचण येते. त्या नमुना ७ वर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक जवळचा नातेवाईक असावा असं कायदा म्हणतो. कायदा करणाऱ्यांचा भाबडा समज असा की या निमित्ताने घरात बोलणं होईल. तुम्ही तो कागद सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या गठ्ठ्यात सरकवून भावापुढे ठेवा. त्या गठ्ठ्यातला कागद वाचून सही करणारा माणूस मुंबईत अजून जन्मायचा आहे. मग फॉर्म लॅमिनेट करा आणि थेट बँकेच्या लॉकरमध्ये. वारसाहक्काची कागदपत्रं गोळा होऊन लॉकर उघडेपर्यंत तुमच्या अस्थी नाशिकला जाऊन आलेल्या असतील.

एवढी लपवाछपवी कशाला, असं विचाराल. त्याचं उत्तर १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे तुम्ही साक्षीदारांसमोर लेखी संमती दिलेली असेल, आणि ती नंतर मागे घेतल्याचं कुणाला ठाऊक नसेल, तर देहाचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने अवयव काढू द्यायचे. वाचायला किती भारदस्त! प्रत्यक्षात नातेवाइकांनी नमुना ८ वर सही केल्याशिवाय एकही रुग्णालय पुढे जात नाही, कारण रडणाऱ्या बाईसमोर कलम ३ वाचून दाखवण्याची छाती अजून कुणा डॉक्टरला झालेली नाही. (ते ठीकच आहे म्हणा.) आणि तुमचा कागद सापडलाच नाही, तर जवळच्या एकाही नातेवाइकाची हरकत पुरते. एकाचीही. तुमच्याच मूत्रपिंडांच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटून दुसरा आहे. तो कुणाच्या कानावरच गेला नसेल, तर मोजायचं तरी काय?

आता हे जवळचे नातेवाईक कोण? नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आईवडील, भाऊ-बहीण, शिवाय २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं. संपली यादी. काका, मामा, मेहुणे, खालच्या मजल्यावरचे नाना, कुणी नाही. पण निर्णय यांतलंच कुणीतरी घेणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. चिपळूणहून रात्रीच्या गाडीने आलेले काका आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "आपल्यात हे करत नाहीत." आपल्यात म्हणजे कुणात, हे विचारायचा आपल्यात प्रघात नाही. त्यातून कुणी कुरकुर केलीच, तर पुढच्या जन्मी डोळ्यांशिवाय जन्माला येईल, हे ठेवणीतलं वाक्य आहेच. दाढ काढताना मात्र पुढच्या जन्मातल्या चावण्याची काळजी करताना काका कधी दिसले नाहीत.

डॉक्टर येऊन ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय, असं म्हणाले, की लगेच मॉनिटरकडे बोट दाखवायचं. हृदय चालू आहे, अंग गरम आहे, छाती वरखाली होतेय! ती व्हेंटिलेटर हलवतोय हे त्यांनी समजावलं तरी समजून घ्यायचं नाही. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, त्यांत प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला एकही नसतो, बुबुळांपासून श्वासापर्यंतच्या साऱ्या चाचण्या किमान ६ तासांच्या अंतराने पुन्हा करतात आणि मगच नमुना १० वर सह्या होतात. इतक्या सह्या फ्लॅट घेतानाही लागत नाहीत. तरी आपण म्हणायचं, "माझ्या ओळखीतला एक जण कोमातून उठून बसला होता." कोमा वेगळा आणि हे वेगळं, असं डॉक्टर सांगू लागले की दुसऱ्या रुग्णालयाचं मत घेण्याचं काढायचं. तेवढ्यात रक्तदाब कोसळतो आणि विषय आपोआप संपतो.

इथे कायद्याचीही आपल्याला मोलाची साथ आहे. अवयवदानाच्या कायद्यात मृत माणसाच्या व्याख्येत मेंदूचा मृत्यू स्पष्ट लिहिलेला आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मात्र मेंदूचा उल्लेखच नाही. जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा झाल्या पाहिजेत, एवढंच. त्यामुळे काय होतं पाहा. तुम्ही हो म्हणालात तर रुग्ण मृत. नाही म्हणालात तर तोच रुग्ण, त्याच खाटेवर, त्याच मशीनवर, पुष्कळ ठिकाणी हृदय थांबेपर्यंत रुग्णच राहतो आणि बिलाचं मीटर फिरत राहतं. संमतीनंतर अवयव जपण्याचा आणि काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही, असा नियम आहे. म्हणजे नकार महाग पडतो. पण परंपरा म्हटली की थोडा खर्च आलाच.

मुंबईला खरं तर या विषयात उगाच घाई झाली होती. १६ फेब्रुवारी १९६८ ला परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदा तेव्हा नव्हता; तो यायला २६ वर्षं लागली. कायद्याचा हा वेग आपल्याला मानवणारा आहे.

काकांचा दुसरा मुद्दा, "हॉस्पिटलवाले विकतात." हा प्रश्न मोठ्याने विचारावा, उत्तराला थांबू नये. थांबलात तर कळेल की अवयवांच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. की कोणता अवयव कुणाला, हे सायनहून चालणारं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीवरून ठरवतं. अपघाताची केस असेल तर पोलीस आणि शवविच्छेदन आलंच. तिथे पूर्वी "सूर्य मावळला, आता उद्या" ही हुकमी सबब होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अवयवदानासाठी रात्रीही शवविच्छेदनाची परवानगी देऊन ती हिरावून घेतली. अशाने माणसाने कारणं तरी आणायची कुठून?

नेत्रदान टाळणं सगळ्यात कठीण, कारण त्याला आयसीयू लागत नाही. घरच्या पलंगावर गेलेल्या माणसाचेही डोळे घेता येतात. चष्मा होता, मोतीबिंदू काढला होता, मधुमेह होता, यातलं काही आड येत नाही. अडते ती वेळ. ६ तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यायला हवीत. तेव्हा आधी पंखा पुरता सोडा म्हणजे बुबुळं सुकतील. डोक्याखालची उशी काढून घ्या. पापण्यांवर ओला कापूस ठेवायला कुणी निघालं तर "आता कशाला त्रास" म्हणून थांबवा. मग थोरल्याची वाट पाहत बसा. त्याला न्यूजर्सीहून यायला १५-१६ तास लागतात आणि त्याच्याशिवाय काही ठरवणं बरं दिसत नाही. या सगळ्यात धाकटी सून हळूच नेत्रपेढीचा नंबर शोधताना दिसली, तर तिला आलेल्यांसाठी चहा टाकायला आत पाठवा.