पालक, एक जुडी

खोबरेल तेल झालं, बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर झालं, काल पेट्रोलही लावून पाहिलं. शर्टाच्या खिशावरचा डिंकाचा चौकोन काही हलत नाही. अकराशे पन्नास रुपयांचा शर्ट, दुसऱ्यांदाच घातला होता.

मागच्या शनिवारी चिरंजीवांच्या कॉलेजात 'ओपन डे' होता. गेटवरच्या मुलीने न विचारता छातीवर हिरवागार स्टिकर थापला : 'पालक'. मंडईत जुडीवर निदान पाणी तरी मारतात. आम्हाला हॉलमध्ये कोंबलं आणि तीन पीपीटी दाखवल्या.

मुलगा बीएस्सीला, फिजिक्स. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणून एक विषय स्वतःच्या शाखेबाहेरचा घ्यावाच लागतो. ऐच्छिक आहे, पण घ्यायचाच आहे. आमच्या लग्नात आहेराचं असंच होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझ्या मागचे एक काका उठले. सफारी, खिशाला दोन पेनं, आणि त्यांच्याही छातीवर 'पालक'. नातवासाठी आले होते. सहकारी बँकेतून निवृत्त, हे त्यांनी माइक हातात येण्याआधीच सांगितलं.

"मॅडम, ही अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का?"

"काका, ती तशी बँक नाही. मुलांनी विषय पास होऊन मिळवलेले क्रेडिट्स तिथे जमा राहतात."

"म्हणजे ठेव. मुदत?"

"जास्तीत जास्त सात वर्षं."

"व्याज?"

"क्रेडिटला व्याज नसतं हो."

"चालू खातं," काका मला म्हणाले. मी उगाच मान डोलावली. "बरं, मुलाने मध्येच सोडलं तर?"

"एका वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. चौथं केलं तर ऑनर्स."

"मुदतपूर्व मोड. दंड काही?"

मॅडमनी पाणी प्यायलं. हॉल खदखदत होता. मीही हसत होतो, पण खरं सांगतो, तीन पीपीटींत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या माणसाच्या पाच प्रश्नांत शिरलं.

"शेवटचं. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे किती तास?"

"तीस."

"आणि ते तीस तास घेणारे सर पगारावर आहेत की तासावर?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. माइक पुढच्या रांगेत गेला. तिथे एका बाईंनी पार्किंगबद्दल विचारलं, आणि त्याचं उत्तर अगदी सविस्तर मिळालं.

बाहेर मांडवात विषयांची टेबलं होती. शेअर बाजाराच्या टेबलाभोवती लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी. पार टोकाला, सायकल स्टँडला लागून, मोडी लिपी. आमच्या ट्रंकेत पणजोबांचं एक खरेदीखत आहे, मोडीत. घरात कुणाला ते वाचता येत नाही, त्यामुळे आपली कुठेतरी जमीन असणार ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. मुलगा त्याच टेबलापाशी थांबला.

तिथल्या सरांनी आधी कागदावर आडवी रेघ ओढली. मग बोरू शाईत बुडवून तिच्याखाली मुलाचं नाव लिहिलं, जवळजवळ हात न उचलता, एका ओघात. मुलगा ओली शाई बघतच राहिला. मोबाइल खिशात होता, हे मी मुद्दाम नोंदवतो.

"किती झाले सर?" मी विचारलं.

"हा तेरावा. वीस लागतात." त्यांनी बोरू पुसला. "बॅच झाली तर मी आहे. मी तासावर आहे."

बॅच झाली नाही. मंगळवारी मेल आला : आपण निवडलेला विषय रद्द, शिल्लक पर्यायांतून निवड करावी. 'पर्यायांतून' हे अनेकवचन कुठून आलं कोण जाणे. लिंक उघडली तर एकच विषय होता : वैयक्तिक वित्त नियोजन. मी अकाउंटंट आहे. एकवीस वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय. मी हा विषय काढला की हाच मुलगा जेवणाच्या ताटावरून उठतो. आता तो हेच फी भरून शिकणार, आणि फी कोण भरणार ते मी लिहीत नाही.

काल पहिला तास झाला. गृहपाठ : घरातल्या एका व्यक्तीच्या महिन्याच्या खर्चाचा आढावा. रात्री त्याने माझं पासबुक मागून घेतलं, वहीत रकाने आखले, आणि दोरीवरच्या शर्टाकडे बघत पहिली नोंद केली : 'शर्ट, ११५० रुपये. बुडीत.'