माझ्या सायकलला तेल कुणी घालायला सांगितलं होतं?

मला फक्त एवढंच सांगा. मी मागितलं होतं का तेल?

सकाळी सव्वाआठला पार्किंगमध्ये येतो तर सायकलखाली काळं थारोळं. चेनवरून, मागच्या चाकाच्या दातेरी फ्रीव्हीलवरून, मागच्या ब्रेकच्या डिस्कवरून तेल ओघळतंय. तेही साधं नाही, कुणाच्या तरी स्कूटरमधून काढलेलं जळकं इंजिन ऑइल. शेजारी तळमजल्यावरचे काका. हातात बाटली, चेहऱ्यावर समाजसेवा. "कुरकुरत होती रे फार. म्हटलं, पोरगा रोज ऑफिसला जातो, जरा तेलपाणी करून टाकावं."

काका, ती कुरकुर सीटची होती! सीटचा नट ढिला होता. एक पान्हा, अर्धं मिनिट.

बरं, बोलणार काय? सत्तरी पार केलेला माणूस, प्रेमाने केलंय. गिळलं आणि निघालो. सोसायटीच्या उतारावर मागचा ब्रेक दाबला तर सायकल थांबायचं नावच घेईना. पुढचा ब्रेक होता म्हणून गेटबाहेरच्या टेम्पोखाली गेलो नाही. डिस्क ब्रेकच्या पॅडने एकदा तेल प्यायलं की संपलं. घासा, पुसा, उन्हात ठेवा, तो पॅड पुन्हा नीट धरेल याचा भरवसा नाही. टाकून द्यायचा. साडेतीनशे रुपये. वर ऑफिसला उशीर.

संध्याकाळी काकांना सांगायला गेलो, तर पुण्यातल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाकडे असतं ते भाषण ऐकायला मिळालं. आमच्या वेळी लक्ष्मी रोडवर सायकलीच सायकली. तीस वर्षं एकच काळी सायकल, डबलसीट, पोलीस पकडायचा. "आणि खोबरेल सोडून काही लावलं नाही बघ!"

लावलं असेल ना! पण त्या काळ्या सायकलला अख्खं चेनकव्हर असायचं. चेन पत्र्याच्या डब्यात बंद. आत खोबरेल घाला नाहीतर साजूक तूप, रस्त्याची धूळ पोचायचीच नाही. ब्रेक सळ्यांचे, डिस्क नावाची चीजच नाही. माझी चेन उघडी आहे हो! तिच्यावर चिकट तेल ओतलं की खणलेल्या रस्त्याची सगळी माती तिला येऊन बिलगते आणि दोन दिवसांत चेनवर पॉलिश पेपर तयार होतो. मग तोच प्रत्येक पायडलला दाते झिजवत बसतो. आणि खोबरेल? डिसेंबरात बाथरूममधल्या बाटलीत गोठलेलं बघता ना? चेनमध्ये तेच होतं.

चेनला तेल आतल्या पिनांना हवं असतं. बाहेरून चकाकायला नाही. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, आणि मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. पुसून! हे 'पुसून' म्हटलं की लोक असे बघतात की जणू मी वाढलेलं ताट परत पातेल्यात ओतायला सांगतोय. माझा मावसभाऊ गंज काढायचा स्प्रे मारतो आणि "झालं सर्व्हिसिंग" म्हणून फोटो पाठवतो. अरे, तो स्प्रे पाणी हटवायला आणि अडकलेले नट सोडवायला. त्याच्यावर चेन चालवलीस तर चार दिवसांत चिमणीसारखी चिवचिवेल.

चेन ताणली गेली की नाही हे तरी कोण बघतं? घरातली शाळेची पट्टी लावा. एका पिनेपासून पुढची पिन अर्ध्या इंचावर, म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंचांत बसायला हव्यात. शेवटची पिन बारा इंचांच्या खुणेपुढे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर चेन बदला, नाहीतर ती जाताना फ्रीव्हीललाही घेऊन जाईल. पण नाही, आमच्याकडे पट्टी फक्त पोरांना मारायला.

हवेचं तर विचारूच नका. टायरच्या कडेला लिहिलेलं असतं हो, माझ्या टायरवर 40 ते 65 पीएसआय. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला म्हटलं, पन्नास भरा. त्याने मीटरकडे ढुंकूनही न बघता कॉम्प्रेसर सोडला, अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, "दगड झालाय साहेब, टेन्शन नाही." दगडच झाला होता. दुपारी उन्हात उभ्या सायकलची ट्यूब फटाक्यासारखी फुटली, वॉचमन दचकून खुर्चीवरून उठला. त्याच पंक्चरवाल्याकडे मागचं चाक घेऊन गेलो, तर म्हणे "गियरची? नाही बघत आपण." हवा भरताना गियर दिसला नव्हता का रे?

(आमचा वॉचमन गाड्या धुताना नळीचा फवारा सरळ सायकलच्या चाकाच्या मधल्या हबवर मारतो, ती वेगळीच कथा. आणि माझ्या हँडलला हेल्मेट लटकवणाऱ्या सी विंगच्या बाई, तुम्हालाही नमस्कार.)

असो. काल रविवार. अख्खी दुपार घालवली. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून पंपावरून बाटलीत थोडं डिझेल आणलं, जुन्या टूथब्रशने चेनची एकेक कडी घासली, काळं पाणी संपेपर्यंत. डिझेल डिस्कजवळ जाऊ नये म्हणून आधी चाकच काढून ठेवलं. डिस्क स्पिरिटने पुसली, नवे पॅड बसवले. शेवटी थेंब थेंब तेल आणि पुन्हा पुसणं. चेन अशी झाली की हात लावला तर बोट काळं होत नव्हतं. सायकल खाली लावली, आंघोळ केली, नखातला काळेपणा गेला नाही तो नाहीच.

आज सकाळी जिना उतरतोय तर काका खालूनच ओरडले.

"अरे, चेन अगदी कोरडी ठणठणीत पडली होती तुझी! टाकलंय हो मी."