दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरची खांदेदुखी आणि पोट चोळण्याचा सल्ला

पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून मावशी घरी आली आणि तिला नात्यातूनच एक संदेश आला: शस्त्रक्रियेत पोटात भरलेला वायू खांद्यात जाऊन अडकतो, तो काढण्यासाठी पोट जोराने चोळावे, सोडा पिऊन ढेकर काढावेत, वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात आणि दुखणे कितीही वाढले तरी घाबरू नये. तिने चोळायला तेल मागितले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

वायू भरतात, एवढे खरे आहे. पोटाची भिंत वर उचलून आतले दिसावे म्हणून कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने सोडतात आणि शेवटी काढून टाकतात. त्यातला थोडा श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली, उरतो. खांद्यात मात्र तो जात नाही. ताणलेल्या, चिडलेल्या श्वासपटलाची वेदना वाहून नेणारी फ्रेनिक नस मानेतून निघते आणि खांद्याच्या संवेदनाही मज्जारज्जूच्या त्याच भागात पोहोचतात, त्यामुळे मेंदूला दुखण्याची जागा खांदा वाटते. मावशीचा खांदा उठून बसल्यावर ठणकतो आणि आडवे झाल्यावर हलका होतो, तो वायू जागा बदलतो म्हणून.

हा वायू आतड्यांच्या आत नसून बाहेर, उदरपोकळीत असतो; तो ढेकरेतून निघणार कसा? तो हळूहळू रक्तात विरघळतो आणि फुप्फुसांवाटे, म्हणजे आपल्या श्वासानेच बाहेर पडतो. पोट चोळून त्याला वाट मिळत नाही, ताज्या टाक्यांवर ताण मात्र येतो. गोळ्यांविषयी एवढेच, की डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेईनासा आणि चालेनासा झाला, तर ते अधिक वाईट.

खरा संताप येतो तो ‘कितीही वाढले तरी घाबरू नये’ या वाक्याचा. वायूमुळे होणारी खांदेदुखी बहुधा दोन-तीन दिवसांत, क्वचित आठवड्याभरात ओसरते. पोटात रक्तस्राव झाला किंवा पित्त झिरपले, तरी तेच श्वासपटल चिडते आणि तोच खांदा दुखतो. दुखणे उतरण्याऐवजी चढत असेल, ताप, कावीळ, पोट फुगणे किंवा भोवळ यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे. धाप लागली किंवा छातीत दाटून आले, तर हृदयविकार किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गाठ असू शकते, तेव्हा एक क्षणही थांबू नये. असा रुग्ण या संदेशावर विसंबून घरीच राहिला, तर जिवावर बेतेल.

खांदेदुखी कमी करण्याचे बरेचसे उपाय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात स्त्रीरोगविषयक दुर्बीण शस्त्रक्रियांचे ३२ अभ्यास तपासले आहेत. शेवटी उरलेला वायू फुप्फुसे कृत्रिम श्वासाने फुगवून किंवा थेट ओढून घेऊन काढणे आणि पोटात द्रव सोडणे, यांनी दुखणे कमी होते असे त्यात दिसते. वायू कोमट करून भरल्याने फारसा फरक पडत नाही. पुराव्याचा दर्जा सर्वत्र भक्कम नाही आणि पित्ताशयाचे रुग्ण त्यात नाहीत, हे मान्य. तरीही ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांनी ‘शेवटी वायू कसा काढणार?’ हा प्रश्न आपल्या सर्जनला आधीच विचारावा.